लागोसला अडकलेले पार्सल आणि न मिळालेला कागद

साताऱ्याच्या एका भगिनींनी नायजेरियातील लागोस येथे नोकरीस असलेल्या मुलाकडे कुरिअरने पाठवलेले ९ किलोचे पार्सल १७ महिने उलटूनही पोहोचलेले नाही आणि ‘कस्टम्सने जप्त केले’ एवढेच कंपनी फोनवर सांगत राहते. अशा वेळी भरपाई मागता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. पार्सलमध्ये ३८,००० रुपयांची पैठणी, डिंकाचे लाडू आणि पॅरासिटामॉल व बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होत्या. घाना आणि नायजेरियात मुले असलेल्या पालकांची अशी पत्रे वारंवार येतात.

जप्ती खरोखर झाली हे दाखवणारा कागद कंपनीजवळ आहे की नाही, यावरच हे प्रकरण ठरेल. भारत आणि नायजेरिया हे दोन्ही देश आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीतील भरपाईचे नियम ठरवणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल करारात सामील असून आपल्याकडे तो करार १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतून लागू होतो. हवाई वाहतुकीत माल गहाळ झाल्यास कराराच्या कलम १८ नुसार वाहतूकदार जबाबदार असतो; देशात माल येताना सरकारी यंत्रणेने केलेल्या कारवाईमुळे नुकसान झाले असेल तर तो सुटतो, परंतु तसे त्याने सिद्ध केले तरच, आणि तेवढ्यापुरतेच. म्हणजे पुराव्याचा भार आपल्यावर नसून कंपनीवर आहे, आणि फोनवर उच्चारलेले वाक्य म्हणजे पुरावा नव्हे.

जप्ती मात्र खरी निघाली तर आपली बाजू लंगडी पडेल. पॅरासिटामॉल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या साध्या गोळ्या नायजेरियाच्या आयातबंदीच्या यादीत आहेत, आणि आपण अर्जावर ‘घरगुती वस्तू, भेट, किंमत २,००० रुपये’ असे लिहून सही केली आहे. मुलाच्या काळजीपोटी औषधे पाठवली हे मी समजू शकतो, परंतु आत काय आहे हे लपवणाऱ्या घोषणापत्रावर न वाचता सही करणे हा निष्काळजीपणाच होय. तरीही बंदी गोळ्यांवर होती. मग पैठणीचे काय झाले, हा प्रश्न उरतोच आणि तो लेखी विचारलाच पाहिजे.

आता मुदतीचे. पार्सल पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून २ वर्षांत दावा केला नाही, तर माँट्रियल कराराच्या कलम ३५ प्रमाणे दाव्याचा हक्कच संपतो. ग्राहक संरक्षण कायद्यातही २ वर्षांचीच मुदत आहे. तेथे सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्या सवलतीवर विसंबू नये. फोनवरील आश्वासनांनी मुदत थांबत नाही, आणि त्या आश्वासनांत आपले बहुतेक दिवस निघून गेले आहेत.

म्हणून याच आठवड्यात स्पीड पोस्टने आणि ईमेलने जप्तीची नोटीस, जप्त वस्तूंची यादी आणि एअरवे बिलाची (विमानाने माल पाठवल्याच्या दस्तऐवजाची) प्रत १५ दिवसांत मागा. पार्सल मुलाच्या नावे असल्याने त्यानेही लागोसच्या कार्यालयात तीच मागणी लेखी करावी. कागद आला नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल, कारण तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करण्याची मुभा ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ३४ देते आणि सेवेसाठी मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. निकाल ३ महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात; वयस्कर तक्रारदारांना असे हेलपाटे घालायला लावणे मला अन्यायकारक वाटते.

कुरिअर कंपनी कराराच्या अर्थाने ‘वाहतूकदार’ ठरते का, यावर वाद होऊ शकतो. पावतीमागील अटी पाहिल्याशिवाय मी त्याबद्दल खात्री देणार नाही. रकमेबाबतही अपेक्षा माफक ठेवावी. विशेष किंमत जाहीर करून जादा शुल्क भरलेले नसेल तर भरपाईला वजनावर मर्यादा असते. करारातील ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी आहे, म्हणजे ९ किलोला साधारण पंचवीस ते तीस हजार रुपये. त्याआधी ती २२ होती, त्यामुळे पार्सल कधी पाठवले यावरही आकडा बदलू शकतो. त्यातही, स्वतःच २,००० रुपये किंमत लिहिलेल्या पार्सलात ३८,००० ची पैठणी होती हे पटवून द्यावे लागेल, तेव्हा दुकानाची पावती आजच शोधून ठेवा.