मैद्यातलं अ‍ॅलोक्सन आणि आईचे टोस्ट

प्रश्न : मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की मैदा पांढरा करायला अ‍ॅलोक्सन नावाचं केमिकल घालतात, आणि लॅबमधे उंदरांना डायबेटिस करायला तेच वापरतात. बाबांना शुगर आहे, ती आपण दिलेल्या टोस्ट-खारीमुळेच झाली असं आईने डोक्यात घेतलंय, रडते. खरं काय?

उत्तर : आधी आईंना सांगा, बाबांची शुगर अ‍ॅलोक्सनमुळे नाही झालेली. मेसेज पटतो कारण त्यातला लॅबचा भाग खरा आहे. १९४३ साली ग्लासगोत डन, शीहान आणि मॅकलेची किडनीच्या इजेवर काम करत होते, त्यांनी सशांना अ‍ॅलोक्सन टोचलं आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मेल्या! या रेणूची ठेवण ग्लुकोजसारखी, त्यामुळे ग्लुकोज जिथून आत जातं त्या ग्लुट-२ नावाच्या दारातूनच हा पण आत शिरतो.

एम.फार्म.ला असताना मी हे काम केलंय. पाण्यात कालवलं की घाई करायची, शरीरात तर दीडेक मिनिटात निम्मं संपतं, म्हणून इंजेक्शनच द्यावं लागतं. मरणाऱ्या पेशींमधून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, शुगर धाडकन खाली येते आणि उंदीर दगावतो, म्हणून पहिल्या रात्री बाटलीत ग्लुकोजचं पाणी ठेवायचं. पुढे दोन-तीन दिवसांनी उंदराला डायबेटिस झालेला असायचा, सकाळी पिंजरा उघडला की पाण्याची बाटली रिकामी आणि खालचा भुसा लघवीने ओलाचिंब, तो हाताला लागला की फार वाईट वाटायचं, आजही आठवतं.

पण माणसाच्या बीटा पेशींवर ते ग्लुट-२ अगदीच कमी असतं, त्यामुळे आपल्याला अ‍ॅलोक्सन सहजासहजी बाधत नाही. आता लॅबमधे याच कामाला जास्त करून स्ट्रेप्टोझोटोसिन वापरतात, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं, आणि तेच स्वादुपिंडाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर पेशंटना औषध म्हणूनही देतात. मैदा पांढरा करायला अ‍ॅलोक्सन कोणी घालत नाही. क्लोरीनने ब्लीच करताना कणभर तयार झालंच तरी शिरेतून टोचणं वेगळं आणि भट्टीत भाजलेला पाव खाणं वेगळं.

बाबांनी मैदा कमीच खावा, पण तो कोंडा निघून गेल्यामुळे शुगर भराभर वाढवतो म्हणून. आईंना हे वाचून दाखवा, आणि बाबांची तीन महिन्यांची शुगर शेवटची कधी तपासली होती ते मला नक्की कळवा.