कोकणातल्या गावी राहून आयटीचं काम करता येईल का? नेट आणि गॅझेट्सचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत नोकरी, राजापूरकडे आजोळचं घर रिकामं पडलंय, तिथे राहून काम करायचंय. सोबत स्मार्ट टीव्ही, कॅमेरे, हाक मारली की लागणारे दिवे असं सगळं न्यायचंय. नेट पुरेल का?

मी त्याच तालुक्यात खाडीकडच्या एका वाडीत राहते. मुंबईतल्या काही छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं इथून करते, म्हणजे माझंही पोट नेटवरच आहे.

काम करता येईल. पण तुम्ही विचारताय नेटचं आणि खरी गोष्ट आहे लाईटची. फायबर आता बऱ्याच वाड्यांत आलंय, आणि चालतं तेव्हा झकास चालतं. लाईट गेली की आधी घरातला राउटर बंद. मग केबलवाल्याकडची बॅटरी उतरते. त्यानंतर टॉवरच्या बॅटऱ्या, आणि तिथल्या जनरेटरला डिझेल मिळालं नाही तर मोबाईलही गप्प. पावसाळ्यात कुठे फणसाची फांदी तारेवर पडते, कुठे डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, आणि अख्खी वाडी अंधारात. जून २०२० मधल्या निसर्ग वादळानंतर मंडणगड, दापोली, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. ती टोकाची गोष्ट झाली, पण जुलैमध्ये एखादा अख्खा दिवस जाणं यात आम्हाला कुणालाच नवल वाटत नाही.

म्हणून पहिला पैसा इन्व्हर्टरवर. १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती दर वेळी पार तळाला नेली तर लवकर मरते, शिवाय इन्व्हर्टरही थोडं खातो, त्यामुळे निम्मेच धरा, ९००. राउटर १५ वॅट, लॅपटॉप ५० आणि साधा पंखा ७० धरला तर साडेसहा तास निघतात. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा घेतला (३० वॅटच्या आत-बाहेर) तर नऊ-साडेनऊ. म्हणजे महागड्या राउटरपेक्षा पंखा बदलल्याने तुमचं नेट जास्त वेळ चालेल. राउटरला वेगळा बारा व्होल्टचा छोटा यूपीएसही लावा, म्हणजे इन्व्हर्टरवर जाताना तो मध्येच रीस्टार्ट होऊन मीटिंग तुटत नाही.

सोलरचं सगळेच सुचवतील. सबसिडीत बसतं ते बहुतेक ऑनग्रिड, म्हणजे सरकारी लाइनीला जोडलेलं असतं, आणि ते लाइनीवर लाईट नसेल तर स्वतःहून बंद पडतं. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. छपरावर पॅनल आणि घरात अंधार, असं पाहायचं नसेल तर बॅटरीवालं हायब्रिड घ्या. तेही मुसळधार पावसात फार देत नाही.

अर्थिंगकडे कुणी बघत नाही आणि उपकरणं जळतात ती बऱ्याचदा तिथेच. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. खड्डा खोल घ्यायला लावा, कोळसा-मीठ भरून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळा विजा फार. गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. कुठे न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत घरात येऊ शकतात, म्हणून मेन बोर्डावर जास्त व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवून घ्या.

आता रेंज. तुमचं आजोळ सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर आहे की खाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सड्यावर असेल तर निम्मी काळजी मिटली. आमच्यासारखं खाली, दोन डोंगरांच्या मध्ये असेल तर टॉवर थेट दिसत नाही, त्यात जांभ्याच्या जाड भिंती. पडवीत दोन काड्या आणि माजघरात शून्य. राउटर माजघरात ठेवून पडवीत वायफायची अपेक्षा करू नका. ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीतच दम टाकतं, २.४ बरं. फायबरवर वायफाय कॉलिंग चालू केलंत की घरातूनच फोन लागतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं हवीतच. सिग्नल बूस्टर ऑनलाइन सर्रास मिळतात, पण खाजगीरीत्या लावणं बेकायदेशीर आहे. त्याऐवजी बाहेरचा अँटेना जोडता येणारा फोरजी राउटर घ्या आणि अँटेना टॉवरच्या दिशेने उंच पाइपावर लावा.

राउटरवर एलओएस नावाचा दिवा लाल झाला की समजायचं, बहुतेक वायर तुटली. रीस्टार्ट करत बसण्यात अर्थ नाही. आमच्याकडे फायबर माडावरून माडावर गेलीय. वानरं तिला लोंबकळतात आणि झावळ पडली की ती जातेच. मग केबलवाल्याचा मुलगा जोडायचं मशीन घेऊन येईल तेव्हा खरं. त्याचा आणि वायरमनचा नंबर कस्टमर केअरच्या वर सेव्ह करा आणि गणपतीला दोघांना आग्रहाने घरी बोलवा, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

गणपतीतच चाकरमानी येतात आणि नेट असून नसल्यासारखं होतं. एका टॉवरवर गावाच्या कितीतरी पट फोन. शिमग्याला आणि मे महिन्यातही तेच, पण कमी. त्या दिवसांत मी पहाटे काम उरकते. एरवीही माझी पद्धत अशी की पूर्ण रिटर्न ऑफलाइन टूलमध्ये तयार ठेवायचं आणि नेट आलं की चढवायचं. ११ आणि २० या रिटर्नच्या शेवटच्या तारखांची वाट बघायची नाही. रिटर्न भरताना ओटीपी जातो दुकानमालकाच्या मोबाईलवर, तो मुंबईहून मला वाचून दाखवतो, आणि चौथ्या आकड्याला माझा फोन तुटतो! तुम्हीही कोड, कागदपत्रं, मेल लॅपटॉपवर उतरवून ठेवा आणि विंडोजचे अपडेट रात्रीवर टाका.

खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात, दमटपणाने कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते. डब्यात सिलिका जेल ठेवा, लॅपटॉप रोज चालू करा. न वापरलेल्या पोर्टात कुंभारीण माशी मातीचं घर करते, तिथे टोपण लावा.

कॅमेरा मेमरी कार्डवर साठवणारा घ्या, फक्त क्लाउडवाला नको. हाकेचे दिवे नेट गेलं की बहिरे होतात, तेव्हा भिंतीवरची बटणं काढू नका. आपोआप फिरणारा रोबोट झाडू आणायचा विचार असेल तर आजोळचे उंबरठे आठवा.

ऑफिसला आताच सांगून ठेवा की पावसाळ्यात तुमचा व्हिडिओ बंद असेल. ऑन-कॉलची पाळी असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नका, डिसेंबर ते एप्रिल हव्या तेवढ्या घ्या.