मिस्साच्या वेळी लोकांच्या घरच्या बातम्या का वाचतात, आणि पिशवीत किती टाकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत, त्यासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका गावातल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना आहे आणि तुम्हाला बोलावणं आलंय. मागं एकदा अशाच मिस्साला गेला होतात तेव्हा कुणाचं लग्न ठरलं, कुणाला जाऊन वर्ष झालं, कोण दवाखान्यात आहे, हे सगळं फादरांनी वाचून दाखवलं, आणि मध्येच एक पिशवी फिरली. हे काय असतं, पिशवीत किती टाकायचं आणि ते पैसे जातात कुठं, असं तुम्ही विचारलंय.

मी याच तालुक्यातल्या एका लहान पॅरिशमधली. पॅरिश म्हणजे एका चर्चला जोडलेली वस्ती. नोकरी पतसंस्थेत, आणि आमच्या चर्चच्या हिशेब समितीवरही आहे, त्यामुळं पैशांबद्दल खात्रीनं सांगू शकते. पण तुमचे प्रश्न मला वेगवेगळे वाटत नाहीत. शंभर-दीडशे घरांच्या वस्तीत कुणाच्या घरी काय चाललंय ते कळलं नाही, तर द्यायचं कुणाला तेच कळणार नाही. फादर जे वाचतात आणि पिशवीत जे पडतं, ती एकाच उपासनेची दोन अंगं आहेत.

आधी पिशवीचं. तिची वेळ नेमकी ठरलेली असते. बायबलची वाचनं झाली, प्रवचन झालं, लोकांच्या प्रार्थना झाल्या की भाकर आणि द्राक्षारस वेदीकडं नेतात, आणि त्याच वेळी पिशवी फिरते. म्हणजे ती वर्गणी नाही, तिकीट तर नाहीच. अर्पणाचाच तो भाग आहे. तरीही पैसे वेदीवर ठेवायचे नाहीत असा नियम आहे. ते वेदीपासून दूर, बाजूला ठेवतात. मला हा नियम फार आवडतो. पैसा देवळात येऊ शकतो, पण वेदीवर नाही.

ही पद्धत आताची नाही. साधारण इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमच्या सम्राटाला ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारं निवेदन लिहिलं, त्यात रविवारच्या सभेचं वर्णन आहे. ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांची इच्छा आहे ते आपापल्या मनाप्रमाणं देतात, जमलेलं धन सभेच्या प्रमुखाकडं ठेवतात, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि वाटेनं आलेले परके यांची काळजी घेतो, असं ते सांगतात. त्याच्याही आधी संत पौलानं करिंथच्या लोकांना लिहिलेलं आहे की प्रत्येकानं मनात ठरवलं असेल तसं द्यावं, कुरकुरत नाही आणि बळजबरीनंही नाही. तेव्हा तुमच्या ‘किती’ला माझं उत्तर एवढंच: मनाला येईल तेवढं, आणि नाही टाकलं तरी कुणी वळून बघणार नाही. पाहुण्याकडून तर अपेक्षाच नसते. पिशवी समोर आली की पुढच्याकडं सरकवायची, झालं.

पैसे जातात कुठं? बऱ्याच जणांना वाटतं की सगळं बिशपकडं किंवा थेट रोमला जातं. नेहमीच्या रविवारचा गल्ला पॅरिशमध्येच राहतो. त्यातून विजेचं बिल, मेणबत्त्या, ओस्त्या (मिस्सात लागणाऱ्या पातळ चकत्यांसारख्या भाकरी), चर्च उघडून घंटा वाजवणाऱ्या सेवेकऱ्याचा पगार, पावसाळ्याआधी कौलं परतून घेणं, असं चालतं. आमच्याकडच्या पावसात कौलांचा खर्च काही दरवर्षी चुकत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस मात्र वेगळे. गुड फ्रायडेचं दान पवित्र भूमीसाठी, जूनअखेरच्या संत पेत्राच्या सणाच्या सुमाराचं पोपमहाशयांच्या दानकार्यासाठी, ऑक्टोबरातल्या मिशन रविवारचं जगभरच्या मिशन कार्यासाठी. त्या रविवारी हे आधी सांगितलं जातं आणि ते पैसे वेगळे मोजून पुढं पाठवले जातात. १९८३ च्या चर्च कायद्यानं प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती सक्तीची केली आहे, म्हणजे फादर एकट्यानं हिशेब बघत नाहीत. पैसे कधीच एका माणसानं मोजायचे नाहीत, हा दंडक आमच्या समितीत सगळ्यांना पाठ आहे.

‘बाहेरच्या देशातून येत असतील ना’ असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ऑफिसात कुणी ना कुणी मला विचारतंच, म्हणून सांगते. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. आमच्या चर्चला असलं खातंच नाही. आमची पत्र्याची शेड उभी राहिली ती मुंबईत आणि गोव्यात नोकरीला गेलेल्या पोरांनी पाठवलेल्या पैशावर आणि गावातल्यांच्या अंगमेहनतीवर. वाळू उपसायला हिंदू शेजारीही आले होते, हे मुद्दाम लिहिते.

पैसा हा दानाचा लहान भाग आहे. सुगी झाली की अर्पणाच्या वेळी वेदीपाशी भाताच्या लोंब्या, नारळ, केळी, भोपळे, रताळी येतात. आठ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचं फेस्त, म्हणजे सण असतो, त्याच्या आधीचे नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. तेव्हा लहान पोरं ताटलीत फुलं घेऊन येतात. धान्य त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गरजेच्या घरी पोचतं. तेरा जूनला संत अँथनीचं फेस्त, त्या दिवशी पाव आशीर्वादित करून वाटतात. मुळात ती भुकेल्यांना भाकरी देण्याचीच प्रथा.

आता बातम्यांकडं. फादर वाचतात त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि बाहेरच्या माणसाला त्या एकच वाटतात.

पहिली, त्या दिवशीचा मिस्सा कुणासाठी आहे ते. माणूस जाऊन सात दिवस झाले, महिना झाला, वर्ष झालं, की घरचे मिस्सा नोंदवतात. वाढदिवस, परीक्षा, परदेशी जाणारा मुलगा, यासाठीही नोंदवतात. त्यासाठी थोडी रक्कम देतात, पण तिचा दर फादर ठरवत नाहीत. तो त्या प्रांताच्या बिशपांनी ठरवलेला असतो आणि त्याहून जास्त मागायला मनाई आहे. एका दिवशी कितीही मिस्सा केले तरी नाताळ सोडून फादरांना एकाच मिस्साची रक्कम स्वतःकडं ठेवता येते. ज्याच्याकडं द्यायला काहीच नाही त्याच्यासाठीही मिस्सा करावा, असंही त्याच कायद्यात सांगितलंय. आणि रविवारी, सणावारी पॅरिश प्रिस्टला, म्हणजे पॅरिशच्या मुख्य फादरांना, आपल्या सगळ्या पॅरिशसाठी एक मिस्सा करावाच लागतो, त्याचे पैसे कुणी देत नाही.

दुसरी, लग्नाची जाहीर सूचना. अमक्याचा मुलगा, अमकीची मुलगी, यांचं लग्न ठरलंय, कुणाला काही अडचण माहीत असेल तर फादरांना कळवावं, असं सलग तीन रविवारी वाचतात. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरनच्या चर्च परिषदेनं ही प्रथा सगळीकडं लागू केली, आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं तीन वेळा वाचण्याचा नियम पक्का केला. कारण साधं होतं: आधीचं लग्न लपवून दुसरं करणारे तेव्हाही होते. आमच्याकडची पोरं आज गोव्यात, मुंबईत, आखातात कामाला, त्यामुळं ही काळजी जुनी झाली असं मला मुळीच वाटत नाही. याच्या जोडीला बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं. माणूस जगात कुठंही लग्न करो, ती नोंद त्याचा बाप्तिस्मा जिथं झाला त्या चर्चला कळवली जाते आणि त्याच्या नावापुढं लिहिली जाते. आमच्या कपाटातल्या जुन्या वह्यांत पणजोबांच्या नावापुढं दुसऱ्या शाईत लिहिलेली लग्नं मी स्वतः वाचली आहेत. घाटाखालून वर आलेल्या कितीतरी कुटुंबांचा सगळा इतिहास तेवढ्या दोन ओळींतच उरलाय.

तिसरी गोष्ट म्हणजे घोषणा. त्या शेवटच्या आशीर्वादाच्या आधी येतात. अमक्या आजींना बेळगावच्या केएलई दवाखान्यात भरती केलंय, रक्त हवंय. तमक्याच्या घरची भिंत पडली. मातीला किती वाजता जायचं. तुम्हाला हे खासगी वाटलं असेल, आणि खरोखरच काही गोष्टी वाचायच्या नसतात. आजाराचं नाव, कर्जाचा आकडा, घरातलं भांडण यांतलं काहीही फादर वाचत नाहीत, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय तर काहीच नाही. पण जे वाचलं जातं त्याचा परिणाम मी डोळ्यांनी बघितलाय. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम चढल्या. मलप्रभा तर आमच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. मातीच्या भिंतींची घरं बसली. त्या रविवारी घोषणेत घरांची यादी आली, त्यात आमची ख्रिस्ती घरं कमी आणि इतरांची जास्त होती. पुढच्या मिस्साच्या आधीच चर्चच्या व्हरांड्यात ताडपत्र्या, चादरी, तांदळाच्या पिशव्या रचलेल्या होत्या. कुणी आवाहन केलं नव्हतं, फक्त यादी वाचली होती.

गोव्याकडून आलेल्या घरांत लग्नाच्या आधी भिकाऱ्यांना जेवण घालायची चाल आहे. घरातल्या मेलेल्या माणसांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायची आणि त्यांच्या नावानं गरिबांना पोटभर वाढायचं. रोस, म्हणजे नवरानवरीला नारळाचा रस लावणं, केक, बँड हे सगळं नंतर. आता हॉल भाड्यानं घेऊन, कॅटरर सांगून लग्नं होतात, भिकारी दारात येतही नाहीत, म्हणून पुष्कळ घरं हे जेवण अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात पाठवतात. पाठवतात हे चांगलंच. तरी मला वाटतं, घरच्या माणसानं स्वतः वाढायला जावं. डबे पाठवून देण्यात वाढणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची नजर भेटत नाही, आणि ज्या मेलेल्या आजोबांच्या नावानं ते चाललंय, त्यांनी आयुष्यभर पंगतीत फिरून वाढलेलं असतं.

दान गुपचूप करायचं असतं की सांगून, यावर आमच्यात वाद आहेत. देणगीदारांची नावं रकमेसकट फळ्यावर लिहावीत असं काहींना वाटतं, म्हणजे इतरांना उत्साह येतो. मला ते पटत नाही आणि समितीत मी तसं स्पष्ट बोलते. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये असं येशू सांगतो. गरीब विधवेनं दोन दमड्या टाकल्या तेव्हा तिनं सगळ्यांपेक्षा जास्त दिलं असंही तोच सांगतो. त्या दोन दमड्या फळ्यावर कुठल्या ओळीत लिहाल? या बाबतीत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची रीत मला सर्वांत शहाणी वाटते. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन ती सुरू केली. सभेत पिशवी फिरते ती गुप्त, कुणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. आणि मदत घेऊन जायचं ते दोघादोघांनी, गरजेच्या माणसाच्या घरी. त्याला कचेरीत रांगेत उभं करायचं नाही. तिथं बसायचं, चहा दिला तर प्यायचा, पोरांच्या शाळेची चौकशी करायची. आमच्या गावात एका घरी औषधं दर महिन्याला पोचतात. ती कुणाच्या पैशातून येतात हे मला हिशेबावरून कळतं, पण त्या घराला कळत नाही आणि देणाऱ्यालाही ती कुठल्या घरी जातात ते ठाऊक नाही.

तुमच्या समारंभाबद्दल आता नेमकं. मिस्सा तासाभराचा असेल. प्रवचनानंतर त्या जोडप्याला पुढं बोलावतील, ते लग्नाच्या वचनाची आठवण करून देवाचे आभार मानतील, फादर आशीर्वाद देतील. कदाचित अंगठ्याही आशीर्वादित करतील. लोक उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी चालतं. ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवर अर्पण झालेली ओस्ती, घ्यायला रांग लागेल, त्या रांगेत जाऊ नका. तो संस्कार कॅथलिकांपुरता आहे, आणि तुम्ही जागेवर बसून राहिलात म्हणून कुणाला वाईट वाटणार नाही. मिस्सा संपल्यावर घरी किंवा चर्चच्या मंडपात जेवण असेल, त्याला थांबाच.

भेटीचं म्हणाल तर आधी सहकाऱ्याला विचारा. पन्नाशीच्या निमंत्रणात हल्ली पुष्कळ घरं ‘भेटवस्तू नको’ असं छापतात, आणि ते खरंच मनापासून असतं. तसं असेल आणि तरी रिकाम्या हातानं जाववत नसेल, तर चर्चच्या दारात गरिबांसाठी पेटी असते, तिच्यात त्या दोघांच्या नावानं काय वाटेल ते टाका. किंवा जाताना पाच-दहा किलो तांदूळ न्या, मिस्सा सुरू व्हायच्या आधी सेवेकऱ्याकडं द्या, आणि कुणासाठी आहे ते त्याला सांगा. तो अर्पणाच्या वेळी इतरांच्या धान्याबरोबर पुढं नेईल.