कंट्रोलर की माउस-कीबोर्ड? दोन हजारांत काय घ्यावं?

गेम खेळायला कंट्रोलर (दोन्ही हातांत धरायचा गेमपॅड) घ्यावा की माउस-कीबोर्ड, हे तुम्ही विचारलंत. सरळ सांगतो. आधी चांगला वायरचा माउस घ्या, उरलेल्या पैशांत बसेल तो वायरचा कंट्रोलर घ्या, आणि रंगीबेरंगी दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड सध्या दुकानातच राहू द्या. शूटिंगचे गेम अजिबात खेळत नसाल तर क्रम उलटा करा.

तुम्ही लातूरला रूमवर राहता, नवा लॅपटॉप आहे, हातात दोनेक हजार आहेत आणि रूम पार्टनर म्हणतोय की कंट्रोलरवर खेळणारे कच्चे असतात. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे हे बहुधा त्यालाही ठाऊक नसेल. माझं परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकदा दाबलं तरी डबल क्लिक मारणारे माउस आणि ड्रिफ्ट झालेले, म्हणजे हात न लावता आपोआप हलणारे कंट्रोलर, दोन्ही माझ्या टेबलावर येतात, त्यामुळं माझं मत थोडं पेचकस हातात धरून बनलेलं आहे.

माउस जागा सांगतो. हात चार बोटं सरकला की पडद्यावरचं निशाण ठरलेल्या अंतरावर जातं, हात थांबला की तेही जागच्या जागी थांबतं. स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्यानं कलवायची दांडी, मात्र वेग सांगते. अंगठा किती कलला त्यावर नजर किती जोरात फिरणार हे ठरतं, आणि ती कुठं थांबणार हे तुम्ही अंगठा मध्यावर कधी आणता त्यावर. शेतातल्या पाइपलाइनचा वॉल्व असतो ना, तसं. किती उघडला त्यावर पाण्याचा जोर, आणि हौद नेमका कुठवर भरायचा हे तो बंद करायच्या वेळेवर. वेळ जरा चुकली की पाणी वरून वाहतं. स्टिकनं डोक्यावर निशाण धरताना नेमकं हेच होतं, पुढं जातं, मागं आणावं लागतं, तोवर समोरच्यानं तुम्हाला आडवं केलेलं असतं.

त्यात डेडझोन आहे. स्टिकचा मध्य कधीच शंभर टक्के पक्का नसतो, म्हणून मधल्या भागातली हालचाल गेम मुद्दाम दुर्लक्षित करतो. एक्सइनपुट म्हणजे विंडोजवरचे गेम कंट्रोलरचं ऐकतात ती पद्धत. तिच्यात स्टिक एका टोकाला 32767 पर्यंत आकडा देते, आणि मायक्रोसॉफ्टनं सुचवलेला डेडझोन डाव्या स्टिकला 7849, उजवीला 8689 आहे. म्हणजे जिनं निशाण धरायचं त्या उजव्या स्टिकचा चौथ्या हिश्श्याहून जास्त प्रवास हिशेबातच नाही. बरेच गेम तो कमी करू देतात, पण शून्य केला की जुना कंट्रोलर आपोआप हलायला लागतो.

म्हणून तर कन्सोलवाल्यांनी (टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवाल्यांनी) एम असिस्ट, म्हणजे निशाण धरायला गेमचीच मदत, आणली. 2001 मध्ये ‘हेलो’ आला तेव्हा दोन स्टिकवर बंदुकीचा गेम नीट खेळता येतो हे लोकांना पटलं, आणि त्यामागं मोठा वाटा या मदतीचा होता. निशाण शत्रूजवळ गेलं की नजर फिरण्याचा वेग कमी होतो, काही गेममध्ये ती शत्रूबरोबर थोडी ओढलीही जाते. हल्ली ‘एपेक्स’ आणि ‘वॉरझोन’ या ऑनलाइन शूटिंगच्या गेममध्ये माउसवाले आणि कंट्रोलरवाले एकाच मैदानात उतरतात आणि या मदतीवरून भांडतात. माझ्या मते भांडणात तथ्य आहे, कारण जवळच्या मारामारीत माउसवाल्याला माणसाच्या डोळ्याहाताचा वेग लागतो आणि समोरच्याला मशीनचा हात मिळतो. ‘व्हॅलोरंट’ या शूटिंगच्या गेमनं तो वादच ठेवला नाही, पीसीवर त्यात कंट्रोलर चालतच नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ या तसल्याच गेममध्ये कंट्रोलरला मदत नाही, त्यामुळं तिथं कंट्रोलर घेऊन जाणं म्हणजे मार खायला जाणं.

कीबोर्डचं काय? बटण एक तर दाबलेलं, नाहीतर सोडलेलं, मधलं काही नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये हा गुण आहे. डावीकडं पळताना उजवीकडं जायचं बटण टिचकीभर दाबलं की माणूस जागेवर थांबतो आणि गोळी सरळ जाते. गाडी चालवताना मात्र हाच दोष होतो. कंट्रोलरचा ट्रिगर (पुढच्या कडेचं, तर्जनीनं दाबायचं बटण) 0 ते 255 अशा पायऱ्यांनी दाब ओळखतो, बटण एकतर पूर्ण गॅस देतं किंवा काहीच नाही. वळणावर बटण टप-टप-टप वाजवत गाडी सांभाळणारी पोरं मी नेट कॅफेच्या काळापासून बघतोय. कौतुक वाटतं त्यांचं, पण त्यात गाडी चालवण्याची मजा राहत नाही. क्रिकेटचंही तसंच. ‘क्रिकेट 07’ आपल्याकडं सगळ्यांनी कीबोर्डवरच खेळला, कारण दुसरं काही नव्हतंच. पुढं ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’पासून डाव्या स्टिकनं पाय आणि उजवीनं बॅट अशी पद्धत आली, आणि तो खेळ हातात स्टिक असल्याशिवाय कळतच नाही. फुटबॉल, मारामारी, ‘एल्डन रिंग’सारखे तलवारीचे गेम, सगळे कंट्रोलरचे. ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘डोटा’ माउसचे, त्यावर चर्चा नको.

रूम पार्टनरला एवढंच विचारा, की गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या ‘रॉकेट लीग’चे बहुतेक व्यावसायिक खेळाडू कंट्रोलरवर का खेळतात? ते कच्चे आहेत का? आणि कीबोर्डवरही सगळे शहाणे एकदम झाले नाहीत. चालायला डब्ल्यू-ए-एस-डी बटणं वापरायची, ही आज देवाची आज्ञा वाटणारी मांडणी ‘क्वेक’ या शूटिंगच्या गेमच्या काळात पसरली, आणि ती पसरवण्यात ‘थ्रेश’ या नावानं खेळणाऱ्या डेनिस फाँगचा मोठा वाटा मानतात. 1997 मध्ये ‘क्वेक’च्या स्पर्धेत त्यानं गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅकची फेरारी जिंकली. त्याआधी बरेचजण बाणांच्या बटणांवर बोटं ठेवून बसत.

आता तुमच्या रूमवर येऊ, कारण खरा निर्णय तिथं होणार आहे. टेबल आहे का? शूटिंगच्या गेमचे व्यावसायिक खेळाडू पूर्ण 360 अंश वळायला माउस साधारण 30 ते 60 सेंटिमीटर सरकवतात. कॉटवर मांडी घालून, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर माउस ठेवून खेळणार असाल तर तेवढी जागा मिळत नाही. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे थोड्या हालचालीत निशाण किती पळणार ते, वाढवावी लागते आणि माउसचा अर्धा फायदा तिथंच संपतो. लातूरला रूमवर टेबल असतं, पण त्यावर नीटच्या पुस्तकांचा ढीगही असतो, हे मलाही माहीत आहे. भिंतीला टेकून खेळायचं असेल तर कंट्रोलरसारखं सुख नाही.

दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉपवर गेम लावला की कीबोर्डचा मधला-डावा भाग असा तापतो की बोटं टेकवत नाहीत, आणि डब्ल्यू-ए-एस-डी नेमकी तिथंच. तेव्हा दिवे नसलेला साधा चार-पाचशेचा यूएसबी कीबोर्डही पुरतो, फक्त तीन-चार बटणं एकत्र दाबून बघा. स्वस्त कीबोर्डात काही जोड्या एकत्र दाबल्या की तिसरं बटण लागत नाही. लाइट गेली तरी लॅपटॉप चालू राहील, पण बॅटरीवर फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. तेव्हा ऑनलाइन मॅच सोडा, गाडी पळवा.

मोबाइलवर ‘बीजीएमआय’ हा बंदुकीचा गेम खेळत होता का? 2021 मध्ये तो आल्यापासून आपल्याकडची निम्मी पोरं त्याच्यावरच घडली. जायरो, म्हणजे फोन वळवून नजर फिरवायची सोय, चालू ठेवून खेळायची सवय असेल तर तुमच्यासाठी माउस सोपा जाईल, कारण जायरोही फोन जितका वळला तितकीच नजर वळवतो. ही गोष्ट कंट्रोलरमध्येही मिळते. प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक 4 आणि ड्युअलसेन्समध्ये जायरो आहे, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅपच्या सेटिंगमधून तो माउससारखा वापरता येतो. मोठी फिरकी स्टिकनं, बारीक निशाण मनगटानं. हे जमलेला माणूस फार मागं पडत नाही. दोन हजारांत मात्र असा कंट्रोलर बसणार नाही.

माउस सातआठशेचा पुष्कळ झाला. डीपीआय, म्हणजे माउस किती बारीक हालचाल मोजतो तो आकडा, 800 ठेवा, आणि विंडोजमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ आधी बंद करा. ते चालू असेल तर हात किती जोरात हलला त्यावर निशाण कमी-जास्त पळतं, मग हाताला अंतराची सवय कशी लागणार? वायरलेस नको म्हणतो ते फक्त पैशांमुळं. स्वस्तातल्या वायरलेसपेक्षा तेवढ्याच पैशांचा वायरचा माउस नेहमी बरा निघतो.

कंट्रोलर बारातेराशेपासून मिळतात. घेताना त्यात एक्सइनपुट आहे याची खात्री करा. काही कंट्रोलर डायरेक्टइनपुट या जुन्या पद्धतीतच उघडतात आणि नव्या गेमला दिसतच नाहीत, मग लोक ‘खराब निघाला’ म्हणून माझ्याकडं आणतात. बऱ्याचदा होम बटण काही सेकंद दाबून ठेवलं की मोड बदलतो आणि माझी कमाई बुडते.

सगळ्यात जास्त येते ती ड्रिफ्टची तक्रार. ‘भाऊ, हात न लावता माणूस आपोआप चालायलाय!’ स्टिकखाली कार्बनची पट्टी असते, तिच्यावर बारीक पत्री घासत फिरते. घासून पट्टी झिजते, धूळ जाते, आणि आपल्याकडं धुळीला काय तोटा? कॉन्टॅक्ट क्लीनर मारून थोडे दिवस निघतात, पुढं तो भागच बदलावा लागतो. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबकानं जागा ओळखतात, तिथं घासायला काही नसतं. थोडे पैसे जमवून तसा घेता आला तर दोन महिने थांबायला हरकत नाही, तोवर माउसवर खेळा.

दुकानात घेत असाल तर लॅपटॉप सोबत न्या. विंडोजच्या शोधात ‘गेम कंट्रोलर’ टाकलं की चाचणीची खिडकी उघडते. दोन्ही स्टिक गोल फिरवून सोडा आणि खूण मध्यावर परत येते का बघा. ट्रिगर हळूहळू दाबा. पट्टी सावकाश सरकली तर ठीक, एकदम टोकाला गेली तर तो ट्रिगर नाही, साधं बटणच आहे, तो परत द्या आणि दुसरा मागा.