दाव्याच्या भरवशावर विम्याचा हप्ता

सातपूरच्या एका कारखान्यातील भांडार विभागातून गेल्या मे महिन्यात निवृत्त झालेल्या वाचकांचे पत्र समोर आहे. पत्र चार पानांचे आहे आणि त्यातली साडेतीन पाने साडूंविषयी आहेत.

निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या या साडूंना त्यांनी १८ जून २०२२ रोजी आठ लाख रुपये उसने दिले, त्यांपैकी पाच लाख बँकेतून आणि तीन लाख रोख. स्टॅम्प पेपरवर साडूंच्या सहीची पावती आहे. तीत दरमहा दोन टक्के व्याज लिहिले आहे, परतफेडीची तारीख मात्र लिहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये साडूंनी याच उसनवारीपोटी पन्नास हजारांचा चेक दिला, तो वटला आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलणे सोडले. वकिलांनी कोर्ट फीसह एकूण दीड लाखाचा खर्च सांगितला आहे. मुदत ठेव मोडून दावा लावावा का आणि व्याजासह होणारे १५ लाख कधीपर्यंत हातात येतील, असा वाचकांचा प्रश्न आहे. उरलेल्या अर्ध्या पानात, जाता जाता, एक वाक्य आले आहे: "पैसे लवकर सुटले तर बरे, कारण जूनमध्ये पॉलिसीचा चार लाखांचा दुसरा हप्ता आहे." सोबत प्रस्ताव अर्जाचा फोटो जोडला आहे.

तुम्ही विचारले आहे दाव्याविषयी, म्हणून आधी तेवढे सांगतो. दीड लाख आज मोडू नका. प्रथम वकिलांमार्फत नोटीस पाठवा. तिचा खर्च काही हजारांत होतो. उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो आणि परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर ही तीन वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुमची मुदत जून २०२५ मध्येच संपली असती. तिला त्या पन्नास हजारांच्या चेकने वाचवले. मुदत चालू असताना देणेकऱ्याने सहीनिशी काही रक्कम फेडली की तिथून नवी तीन वर्षे सुरू होतात, त्यामुळे तुमची मुदत आता फेब्रुवारी २०२७ पर्यंत आहे. तो चेक तुम्ही चार पानांत एकदाच आणि तोही तक्रारीच्या सुरात उल्लेखिला आहे. प्रत्यक्षात तुमच्याकडचा सर्वांत मौल्यवान कागद तोच आहे. बँकेतून त्याची प्रत आणि खातेउतारा शिक्क्यासह काढून ठेवा.

१५ लाखांचा आकडा मात्र डोक्यातून काढा. आठ लाखांवर चोवीस टक्क्यांनी चार वर्षांचे व्याज सुमारे पावणेआठ लाख आणि मुद्दल साडेसात, असा तुमचा हिशेब आहे. दावा चालू असतानाचे व्याज न्यायालयाच्या विवेकाधीन असते आणि व्यापारी व्यवहार नसेल तर हुकूमनाम्यानंतर मुद्दलावर वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक व्याज मिळत नाही. त्यात पावतीवर दरमहा दोन टक्के दिसले की समोरचे वकील पहिला आरोप विनापरवाना सावकारीचा करतील. नात्यात एकदा दिलेली उसनवार म्हणजे सावकारी नव्हे हे खरे, परंतु "कंपनीतल्या दोघांनाही असेच दिले होते, त्यांनी व्याजासह परत केले" असे तुम्ही ज्या अभिमानाने लिहिले आहे, ते वकिलांना पहिल्याच बैठकीत सांगा. उलटतपासात त्यांना ते नव्याने कळू नये. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर आकारली जाते, म्हणजे फुगवलेल्या व्याजावरही ती तुम्हालाच भरावी लागेल.

रोख दिलेल्या तीन लाखांचा विषय वेगळा आहे. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. त्याचा दंड घेणाऱ्याला बसतो आणि केवळ त्या कारणाने देणे बुडत नाही. मात्र दाव्यात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोखीचा उल्लेख असेल तर न्यायालयाने आयकर विभागाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ते तीन लाख कुठून आले, याचा पुरावा तुमच्या फाइलमध्ये असू द्या.

आणि दावा जिंकणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. हातात हुकूमनामा येतो, त्याच्या वसुलीसाठी पुन्हा दरखास्त लावावी लागते. ती लावायला कायदा बारा वर्षे देतो, यावरूनच वेग ओळखा. साडूंच्या बागेचा सातबारा एकदा ऑनलाइन काढून 'इतर हक्क' हा रकाना वाचा. तिथे सोसायटीचा आणि बँकेचा बोजा असेल, तर जमिनीच्या किमतीतून आधी त्यांचे भागेल आणि मग तुमचा विचार होईल. शेतकऱ्याचे राहते घर आणि शेतीची अवजारे यांवर तर दिवाणी हुकूमनाम्याची जप्ती येतच नाही.

आता त्या अर्ध्या पानाकडे येतो.

तुमच्या पत्रातील आकडे मी एका कागदावर मांडले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून ३८ लाख आले. मुलीच्या लग्नाला सहा, घराच्या दुरुस्तीला सहा, पॉलिसीला चार, आणि उरलेले २२ लाख मुदत ठेवीत. सात टक्क्यांनी ठेवीचे वर्षाला दीड लाखाच्या थोडे वर व्याज, महिना ३,९०० रुपये पेन्शन, म्हणजे वार्षिक उत्पन्न सुमारे दोन लाख. घरखर्च महिना ३२,००० धरला तर वर्षाला पावणेचार लाखांच्या वर जातो. पॉलिसी नसती तरी वर्षाला पावणेदोन लाखांहून अधिक तूट आहे. त्यावर चार लाखांचा हप्ता चढला की दरवर्षी सहा लाखांच्या आसपास रक्कम ठेवीतून निघेल, ठेव घटली की व्याज घटेल, आणि आणखी तीन हप्ते भरल्यावर खात्यात पुढच्या हप्त्याइतकेही पैसे नसतील. एकूण हप्ते आठ आहेत. साडूंनी उद्या पश्चात्ताप होऊन साडेसात लाख दारात आणून दिले, तरी त्यातून दोन हप्तेही पुरते भागत नाहीत.

आणि मिळणार काय, तर आठ वर्षे चार-चार लाख भरायचे, दहाव्या वर्षाच्या अखेरीपासून पंधरा वर्षे दरवर्षी चार लाख घ्यायचे. "३२ लाखांचे ६० लाख, तेही गॅरंटीड" हे वाक्य तुम्हाला ऐकवले गेले आणि ते खोटे नाही, म्हणूनच ते इतके खपते. पैसा किती वर्षे अडकतो हे मोजले की परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. ज्या बँकेत तुम्हाला ही पॉलिसी विकली, त्याच बँकेत तुमची ठेव सात टक्क्यांनी आहे! पहिला रुपया हातात येईल तेव्हा तुमचे वय सत्तर असेल. निवृत्त माणसाला आजच्या भाजीपाल्यासाठी पैसे हवे असताना दहा वर्षे उपाशी ठेवणारी योजना 'पेन्शन' म्हणून विकण्याला मी सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.

प्रस्ताव अर्जाचा फोटो मी मोठा करून पाहिला. तुमचा शेवटचा पगार महिना ४८,००० होता, म्हणजे वर्षाला पावणेसहा लाख. अर्जात 'व्यवसाय: स्वतःचा उद्योग' आणि 'वार्षिक उत्पन्न: १४ लाख' असे भरले आहे. अर्ज बँकेतल्या मुलाने टॅबवर भरला, तुम्ही फक्त ओटीपी सांगितला आणि पडताळणीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असे तो शेजारी बसून सांगत होता, हे तुम्ही सहज लिहून गेला आहात. तो ओटीपी हीच तुमची सही आणि त्या फोनचे ध्वनिमुद्रण कंपनी तुमच्याविरुद्ध दाखवील, ही अडचण आहेच. पण १४ लाखांचा आकडा कुठून आला, हा प्रश्न तिलाही अडचणीचा आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला मोफत विधी साहाय्यासाठी अर्ज करता येतो आणि तुम्ही आज त्या मर्यादेत बसता. सरकार ज्याला वकील फुकट द्यायला तयार आहे, त्या माणसाला वर्षाला चार लाखांचा हप्ता विकला गेला आहे.

तेव्हा तुम्हाला भांडायचेच असेल तर आधी इथे भांडा. पॉलिसी परत करण्याची तीस दिवसांची मुदत तुमच्या हातून गेली आहे, कारण कागद ई-मेलवर आले आणि तुमच्या मुलाने ते दिवाळीत उघडले. आता विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि सोबत निवृत्तीचे पत्र, शेवटची पगारपावती, बँकेचा उतारा व हा अर्ज जोडा. त्यांनी फेटाळले किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. नाशिककरांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, आपले म्हणणे आपणच मांडायचे असते. साडूंच्या दाव्यासाठी दीड लाख काढायला निघालेल्या तुम्हाला या बिनखर्चाच्या दाराची कल्पना कोणी दिली नाही, याचे मला नवल वाटत नाही.

तक्रारीचा निकाल काहीही लागो, जूनचा हप्ता भरू नका. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांनुसार पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरलेली पॉलिसी वर्ष संपल्यावर सोडली तरी काही सरेंडर मूल्य मिळते. ते किती, हे कंपनीकडून आत्ताच लेखी मागवा. अगदी चारही लाख बुडाले असे धरले तरी पुढचे २८ लाख, जे तुमच्याकडे नाहीतच, भरण्याची जबाबदारी टळते. बँकेतला मुलगा "आता सोडलीत तर नुकसान" म्हणेल. नुकसान गेल्या जूनमध्येच झालेले आहे.

ठेवीविषयी थोडक्यात. २२ पैकी २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ४१,००० रुपये येतील, म्हणजे मुदत ठेवीपेक्षा वर्षाला सुमारे २४,००० अधिक. उरलेले दोन लाख आजारपणासाठी बचत खात्याशी जोडून ठेवा, दाव्यासाठी नव्हे. इतके करूनही महिन्याला साधारण चौदा हजारांची तूट राहते, ती कशी भरायची ते शेवटी सांगतो.

साडूंकडे परत येऊ. नोटिशीला त्यांनी "देणे आहे, सवड द्या" असे सहीनिशी उत्तर दिले, तर मुदत आणखी वाढते. तेव्हा व्याजावरचा हट्ट सोडून साडेसात लाख मुद्दलाची बोलणी करा. बागाईतदाराच्या हातात पैसा माल उतरल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. दरमहा हप्ता मागितलात तर तो मोडणारच, म्हणून तीन हंगामांत अडीच-अडीच लाख आणि प्रत्येकाचा पुढच्या तारखेचा चेक, असे लिहून घ्या. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पैसे भरण्यासाठी पंधरा दिवस आणि त्यानंतर महिन्याच्या आत फौजदारी तक्रार, या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा, कारण त्या चुकल्या की चेक हा नुसता कागद होतो. ही तडजोड दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोक अदालतीत नोंदवता येते. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. बहिणीचे घर म्हणून सगळेच सोडून द्यावे, हे तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पटत नाही, पण साडूंना दारात बसवून बोलणे त्यांनाच अधिक चांगले जमेल असे वाटते. बोलणी डिसेंबरपर्यंत फसली, तर मात्र फेब्रुवारीची वाट न पाहता दावा लावा. सहीचा कागद असल्याने तो समरी सूट म्हणून लावता येईल का, हे वकिलांना विचारा. त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. समेट मध्येच लोक अदालतीत झाला तर कोर्ट फी परत मिळते.

राहिली ती तूट. तिसऱ्या पानाच्या समासात तुम्ही लिहिले आहे की अंबडच्या एका कारखान्यात भांडार सांभाळायला महिना १६,००० रुपयांवर बोलावले होते, पण "कोर्टाच्या तारखांना सुट्टी कोण देणार" म्हणून नाही म्हणालात. दिवाणी दाव्यात वादीला प्रत्येक तारखेला उभे राहावे लागत नाही. तारखा वकील सांभाळतात, तुमची गरज प्रतिज्ञापत्राला, साक्षीला आणि उलटतपासाला, म्हणजे सगळ्या दाव्यात चार-सहा दिवस. १६,००० म्हणजे वर्षाला एक लाख ब्याण्णव हजार आणि पाच वर्षांत साडेनऊ लाखांच्या वर, साडूंकडच्या मुद्दलाहून अधिक, तेही दर महिन्याला. त्या अंबडच्या माणसाला उद्या सकाळीच फोन करा आणि जागा अजून रिकामी आहे का ते विचारा.