विस्कॉन्सिनच्या सरकारी रानात हरणाच्या शिकारीसाठी उचलून नेता येणारा ट्री स्टँड (झाडावर लावून बसायचं मचाण) कोणता घ्यावा, क्लायंबर की हँग-ऑन?

हा प्रश्न विचारताना लोक वजन विचारतात, किंमत विचारतात, झाडांबद्दल मात्र एक अक्षर नाही. आधी रानात जाऊन झाडं बघा, मग दुकानात जा.

क्लायंबर म्हणजे खोडाला धरून टप्प्याटप्प्याने वर सरकवत न्यायचा दोन भागांचा स्टँड. त्याला सरळसोट खोड लागतं, साधारण 8 ते 20 इंच जाडीचं, आणि बसायच्या उंचीपर्यंत एकही फांदी नको. ॲस्पेन किंवा दाटीत वाढलेला रेड ओक असेल तर उत्तम. शॅगबार्क हिकरीवर स्टँडचे दात सालीत रुततात आणि सालीचा पापुद्राच सुटून येतो. ॲशच्या वाटेला जाऊच नका. एमराल्ड ॲश बोरर हा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, तेव्हापासून त्याने ॲशची रानंच्या रानं वाळवली आहेत. असं झाड बाहेरून ठणठणीत दिसतं, पण आतून ठिसूळ झालेलं असतं. खोड वर निमुळतं होतं, म्हणून क्लायंबर खाली बसवतानाच त्याची पुढची बाजू थोडी वर उचललेली ठेवा, म्हणजे वर गेल्यावर तो सपाट होतो. वरचा आणि खालचा भाग दोरीने एकमेकांना बांधलेले हवेत, नाहीतर पायाखालचा भाग सुटून खाली जातो आणि माणूस वर लटकतो.

फांद्यांचं मिश्र रान असेल तर हँग-ऑनच घ्या, म्हणजे खोडाला पट्ट्याने टांगायचा स्टँड. दुकानात त्यावर 12 पौंड वाचून लोक खूश होतात, पण वर चढायला खोडाला बांधायच्या चार क्लायंबिंग स्टिक्सचे (छोट्या शिड्यांचे) आठ-दहा पौंड कोणी धरत नाही. दोन्ही मिळून वजन क्लायंबरइतकंच भरतं. 300 पौंडांची क्षमता असते ती कपडे, बूट, बॅग आणि बंदूक धरून.

आता हार्नेसबद्दल, म्हणजे पडलात तर धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांबद्दल. आमच्या कॅम्पमध्ये यावरून दर मोसमात वाद होतो. एका जुन्या शिकाऱ्याचं म्हणणं, ‘वर बसल्यावर पट्टा लावला की झालं, चढताना तो अडचणच करतो.’ हे साफ चूक आहे. माणसं पडतात ती मुख्यतः चढता-उतरताना आणि स्टिकवरून स्टँडवर पाय टाकताना, म्हणजे नेमका पट्टा नसतो तेव्हा. हँग-ऑन लावताना लाइनमन बेल्ट खोडाभोवती घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. वर पोचलात की स्टँडच्या वरून जमिनीपर्यंत लाइफलाइन दोरी बांधा, तिची प्रुसिक गाठ (हाताने सरकते, पण भार आला की आवळते) हार्नेसला अडकवा आणि त्यानंतर चढता-उतरताना गाठ आपल्याबरोबर सरकवत न्या. क्लायंबरवर हार्नेसचा खोडाभोवतीचा पट्टा प्रत्येक टप्प्याला वर सरकवायचा. बसल्यावर पट्टा डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून वर हवा आणि त्यात ढील नको. हार्नेस पूर्ण अंगाचाच घ्या. नुसत्या छातीच्या पट्ट्यावर लटकलात तर श्वास कोंडतो. पूर्ण हार्नेसवरही फार वेळ लटकलं की मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, म्हणून पाय टेकवायची दोरी खिशात ठेवा. ‘बाराच फूट तर आहे’ हेही तिथे नेहमी ऐकू येतं. बारा फुटांवरून पाठीवर पडलेल्याचा कणा मोडू शकतो.

बंदूक रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, नळी खाली करून दोरीने वर ओढा. ट्रिगर गार्डला गाठ मारायची नाही.

नियमांचं राहिलंच. राज्याच्या जमिनीवर झाडाला खिळे किंवा स्क्रू मारता येत नाहीत. राज्यातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या हायवे 64 च्या दक्षिणेला स्टँड रोज उतरवून न्यावा लागतो, उत्तरेला मोसमात रात्रीही ठेवता येतो, पण त्यावर ओळख लावून. त्या वर्षीचं नियमपुस्तक मात्र बघाच. आणि हे भारतात वाचणाऱ्यांसाठी नाही, तिथे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे.

वापरलेला स्टँड घेणार असाल तर पट्टे नवे टाका. उन्हाने विटलेला किंवा खारीने कुरतडलेला पट्टा लगेच काढून टाका, आणि मोसम संपल्यावर झाडावर कोणताही पट्टा ताणलेला ठेवू नका. खोड जाड होतं आणि शिलाई उसवते.