ताटल्या धुण्याचं काम बाबांकडे

‘मॅडम, पोरगं दिवसभर गेममध्येच असतंय. मोबाईल काढून घेऊ का?’

एप्रिल-मे आला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेचसे पालक हाच प्रश्न घेऊन येतात. तो उन्हाळ्यातच का वाढतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पारा ४२-४३ वर, अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी ‘जा, बाहेर जाऊन खेळ’ म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? मग पंख्याखाली पलंग, पलंगावर पोरगं आणि पोराच्या हातात मोबाईल.

मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालता ठेवणारा माणूस. आई घरातूनच कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी घेते. मुलगा आठवीत जाणार, मुलगी दहावीच्या निकालाची वाट बघतेय. तक्रार अर्थातच मुलाची. मुलीला सोबत आणलं होतं ते घरी एकटी नको म्हणून. ती सगळा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

‘आम्ही आठ तास मागावर उभं राहायचं, आणि ह्यानं लोळून गोळ्या मारायच्या. सांगितलं तर ऐकंना झालाय,’ वडील म्हणाले. त्यांनी वायफाय बंद करून बघितलं होतं. मुलगा मित्राच्या गच्चीवर जाऊन खेळायला लागला.

आधी हा आजार आहे का, ते बघणं भाग होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: खेळण्यावर ताबाच न राहणं, झोप-शाळा-मित्र या सगळ्यापेक्षा गेमला वरचढ स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. हा मुलगा शाळेला दांडी मारत नव्हता, संध्याकाळी उन्हं उतरली की गल्लीत क्रिकेट खेळत होता, रात्री झोपत होता. गणितात मार्क घसरले होते, पण गणितात मार्क घसरायला गेमच लागतो असं नाही. मी तसं सांगितल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. वडिलांचा नाही.

मी त्यांना विचारलं, ‘तो गेममध्ये नेमकं काय करतो?’

‘सांगितलं की. गोळ्या मारतो.’

‘कुणाला? कुणासोबत? एक डाव किती वेळ चालतो?’

याची उत्तरं मुलानं दिली. तो फ्री फायर मॅक्स खेळायचा. एका डावात ५० जण, डाव साधारण दहा मिनिटांचा, मध्ये थांबवता येत नाही. मध्येच उठलं तर सोबतचे तिघे उघडे पडतात. म्हणजे आई ‘जेवायला ये’ म्हणायची आणि तो ‘दहा मिनिटं’ म्हणायचा, तेव्हा तो बहुतेकदा खरंच सांगत असायचा. घरातली निम्मी भांडणं या दहा मिनिटांवरून होती. डाव सुरू व्हायच्या आधी हाक मारा, किंवा ‘हा संपला की ये’ म्हणा, एवढं त्या दिवशीच ठरलं.

मग मी वडिलांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं, आणि माणूस एकदम खुलला. नव्वदच्या दशकात सुट्टीत ते आणि त्यांचे थोरले भाऊ भाड्यानं व्हिडिओ गेम आणायचे, टीव्हीला जोडून कॉन्ट्रा खेळायचे. ‘माझ्या लाइफ संपल्या की दादाची उसनी घ्यायचो. दादा बुक्की घालायचा, पण द्यायचा.’ मुलगा बापाकडे बघतच राहिला. बापाला बटणं दाबता येतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मामानं पुण्याहून पाठवलेला जुना प्लेस्टेशन दोन रिमोटांसकट त्यांच्या घरी धूळ खात पडला होता. मी सुचवलं, आठवड्यातून एक संध्याकाळ, पाऊण तास, चौघांनी मिळून खेळायचं. गोळीबाराचा गेम नको, ओव्हरकुक्ड लावा. शिकवायचं मुलांनी, शिकायचं आईबाबांनी. त्या पाऊण तासात अभ्यास, मार्क, शेजारचा मुलगा हे विषय बंद. आणि घड्याळ बघून नाही, लेव्हल संपली की उठायचं.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक स्वयंपाकघर असतं, वर ऑर्डरी येत राहतात. सुरुवातीला कांद्याचं सूप. तीन कांदे चिरा, भांड्यात टाका, शिजलं की ताटलीत वाढा, खिडकीत नेऊन ठेवा. भांड्याकडे दुर्लक्ष झालं की आग लागते. पुढे उष्ट्या ताटल्या परत येतात, त्या धुवाव्या लागतात. कधी स्वयंपाकघर जहाजावर डोलतं, कधी दोन धावत्या ट्रकवर विभागलं जातं. एकट्याच्या हुशारीनं तारे मिळत नाहीत. कुणी चिरायचं, कुणी वाढायचं, हे एकमेकांशी बोलूनच ठरवावं लागतं, तेही वेळ पळत असताना.

पहिले दोन शनिवार वाया गेले. वडील कारखान्यातल्यासारखे हुकूम सोडत होते. ‘तू कांदा घे. अगं कांदा! तिकडं कुठं चाललीस?’ मुलगी उठून आत गेली. तिसऱ्यांदा खेळताना मुलानंच वाटणी केली: ‘बाबा, तुम्ही फक्त ताटल्या धुवा.’ आईकडे ऑर्डरी. आणि तिथं चित्र पालटलं. जी बाई सकाळी गिऱ्हाइकांचे फोन घेत एकीकडे तवा आणि एकीकडे उखळ सांभाळते, तिला कुठली ऑर्डर आधी, कुठलं भांडं उतरवायचं, हे दिसत होतं. मुलं गेममध्ये तरबेज, पण दोघंही एकाच ऑर्डरीच्या मागे धावायची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तीन तारे मिळाले. ‘मम्मी कसली भारी खेळते’, हे मुलानं मला दोनदा सांगितलं. आई घरात रोज हेच करते, हे त्याच्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

रिमोट दोन आणि माणसं चार. या गेममध्ये एक रिमोट दोघांत वाटून घेता येतो: डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. मुलगी आणि बाबा एका रिमोटवर आले. खांद्याला खांदा लावून बसल्याशिवाय इलाज नाही, आणि उठून जायचीही सोय नाही. असंच एकदा खेळताना, पडद्यावरची नजर न काढता मुलगी म्हणाली, ‘बाबा, मला सायन्स नाही घ्यायचं.’

बाबांचे हात गुंतलेले. सिंकमध्ये ताटल्या, शेगडीवर सूप. ते ‘हं’ म्हणाले. सूप करपलं. लेव्हल संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘मग काय घ्यायचंय?’

हेच वाक्य जेवणाच्या ताटावर, समोरासमोर आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, असं वडील स्वतःच मला म्हणाले. या वयातली मुलं अवघड गोष्ट समोर बसून सांगत नाहीत. शेजारी बसून, हाताला काहीतरी चाळा असताना सांगतात. पूर्वी शेंगा फोडताना, पापड वाळत घालताना हे व्हायचं. आता त्या बैठका उरल्या नाहीत.

तक्रार मुलाची होती आणि जास्त फायदा मुलीला झाला, याचं मला फार नवल वाटलं नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या सॅरा कॉइन आणि सहकाऱ्यांनी ११ ते १६ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष मांडले. ज्या मुली आईवडिलांसोबत गेम खेळत, त्या मनातल्या मनात कमी कुढत, कमी आक्रमक असत, घराशी अधिक जोडलेल्या असत. मुलांच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही. आणि गेम वयाला न शोभणारा असेल तर मुलींमधलाही तो संबंध फिका पडत होता. गेममुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. मुलांसोबत खेळणारे आईबाप इतर वेळीही त्यांच्याजवळ असण्याची शक्यता असतेच. म्हणून प्लेस्टेशन विकत घ्या असा सल्ला मी कुणालाही देत नाही. एका मोबाईलवर आळीपाळीनं लुडो चालतो. एका घरातल्या आजी तोही खेळतात. त्यांची तक्रार एवढीच, की यात फासे हातात घोळवता येत नाहीत.

मुलाचं काय झालं? त्याचे तास थोडे कमी झाले, फार नाही. पण एक दिवस त्यानं बाबांना फ्री फायरचा डाव बघायला बोलावलं. शेजारी बसल्यावर बाबांना कळलं, की त्याच्या कानात अनोळखी माणसांचे आवाज येतात, त्यातले काही शिव्या देतात, आणि एक ‘दादा’ त्याच्याकडे डायमंड मागत होता. डायमंड म्हणजे त्या गेममधलं चलन, खरे पैसे देऊन घ्यायचं. बाबा ओरडले नाहीत. अनोळखी लोकांचा आवाज बंद केला, आईच्या फोनचा यूपीआय पिन बदलला, मुलासमोरच. मोबाईल काढून घेतला असता तर हा ‘दादा’ गच्चीवर भेटत राहिला असता, आणि घरी कुणालाच पत्ता नसता.

सगळीकडे हा उपाय चालतो असं नाही. वर सांगितलेल्या आजाराच्या खुणा दिसत असतील, मुलगा रात्र-रात्र जागत असेल, मोबाईल घेतल्यावर वस्तू फोडत असेल, तर सोबत खेळत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पैसे लावून खेळायच्या ॲपची तर गोष्टच वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. माझ्या अनुभवात तिथं मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांचेच हात अडकलेले जास्त दिसले. आणि मुलाच्या मित्रांच्या टोळीत, त्याच्या गेममध्ये न विचारता घुसू नका. त्यानं बोलावलं तर जा.

परवा त्या आईचा फोन आला. लग्नसराईच्या ऑर्डरी वाढल्यामुळे शनिवार जमत नाही, वार बदलला तर चालेल का? मी म्हटलं, मला कशाला विचारता, पोरांना विचारा. मुलाला बुधवार हवाय, मुलीला शुक्रवार, आणि बाबांची पाळी दर आठवड्याला बदलते. सध्या पाळीचा कागद फ्रिजवर चिकटवलाय, त्यावर रविवारी रात्री मुलगी गोल करते.